डबीवरचं नाव

“खोकला गिळ गं, दारात माणसं आलीत.”

लहानपणी ऐकलेला आजीचा तो दबका आवाज सुनेच्या कानातून कधी गेलाच नाही. आजी तिच्या आईला तसं म्हणायची. आई पदराचा बोळा तोंडात कोंबायची, खोकला गिळायची. गिळता गिळता एके दिवशी ती श्वासच गिळून बसली.

आता सून स्वतः तीन आठवडे खोकत होती. ढास आली की ती शिलाई मशीनचं पायडल जोरजोरात मारी. त्या खडखडाटात खोकला बुडून जाई. पण आरोग्यखात्याच्या सिस्टरनं तो ऐकलाच. तिनं सुनेचं नाव घातलेली डबी हातात ठेवली.

“सकाळी उठल्याबरोबर खोल खोकून बेडका काढा. दवाखान्यात नवं मशीन आलंय. क्षय आहे का, नेहमीच्या गोळ्या लागू पडतील का, दोन तासांत सांगतं.”

सासूबाईंचा चेहरा उतरला. लेकीचं, चिमीचं, लग्न पुढच्या महिन्यावर आलेलं. घरात क्षय निघाला असं कळलं, तर सोयरीक मोडलीच!

सकाळी त्यांनी डबी चिमीपुढे धरली. “तू खोक. तुला नुसती सर्दी आहे. मशीनला काय कळतंय कुणाचं ते?”

चिमी खोकली आणि हसली. “वहिनी, तुमच्या नावानं परीक्षेला मी बसतेय. पास झालात म्हणून समजा!”

सून हसली नाही. भीतीपोटी तिनं डबीला झाकण लावलं आणि ती दवाखान्यात पोचवली.

दुपारी सिस्टर कागद आणि गोळ्या घेऊन आली. चिमी उंबऱ्याशी मटार सोलत होती.

“क्षय आहे,” सिस्टर सुनेला म्हणाली. “पण घाबरू नका, औषधाला दाद देणारा आहे. सहा महिने गोळ्या चुकवू नका, बऱ्या व्हाल.”

चिमीच्या हातातली शेंग तशीच राहिली. सासूबाईंनी सुनेला दंडाला धरून आत ओढलं.

“शब्द काढू नकोस. गोळ्या तू घे. लग्न होऊ दे, मग तिला दाखवू.”

“आणि तोवर, आई?”

“तोवर गिळेल ती खोकला.”

सुनेला पुन्हा आजीचा तो दबका आवाज ऐकू आला. रोगाला कुणी इतकं जपावं? पण लाज त्याला पदराखाली घेते, स्वतःचा घास भरवते, लेकीसुनांच्या छातीत वाढवते.

बाहेर चिमीला ढास लागली. तिनं घाईघाईनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. तिचे डोळे भरून आले. तरी ती आवाज दाबत राहिली. थेट सुनेच्या आईसारखी.

सिस्टर चपला घालत होती. सुनेनं दंड सोडवला. ती दारापर्यंत पोचली. तिनं चिमीच्या तोंडातली ओढणी हळूच काढली.

“खोका वन्सं, मोकळ्यानं खोका.” मग सिस्टरकडे वळून ती म्हणाली, “डबीवर नाव माझं होतं, सिस्टर. बेडका यांचा होता. या गोळ्या यांच्या. माझी तपासणी व्हायचीय अजून. मला दुसरी डबी द्या.”