समोरासमोरची दारं

माझ्या सासूबाईंच्या मते माणूस दोनच कारणांनी मरतो: म्हातारपणाने, नाहीतर समोरासमोरची दारं उघडी राहून वारा लागल्याने. आमच्या स्त्रुमित्सा गावात सगळ्याच आया असं मानतात, पण त्यांची मुलं बास्केटबॉल खेळत नाहीत. माझा नवरा स्पासे सतरा वर्षं खेळतोय. आणि सतरा वर्षं सासूबाई दर सामन्याला कोरडी बनियन घेऊन येतात, मध्यंतरात त्याला सगळ्यांदेखत बदलायला लावतात.

या सप्टेंबरात स्पासे छत्तिसाचा झाला. क्लबच्या डायरेक्टरने स्पष्टच सांगितलं, "फिनलंडवाल्यांशी कसा खेळतोस बघतो. मग ठरवू, ठेवायचं की घरी पाठवायचं." स्पासेला दुसरं काही येत नाही.

सामन्याच्या दिवशी उकाड्यामुळे हॉलची दोन्ही दारं सताड उघडी होती. सासूबाई उंबऱ्यातच थबकल्या.

"मेंदे, दारं लाव," त्या पहारेकऱ्याला म्हणाल्या.

"मावशी, माणसं शिजतील आत."

"पोरांच्या पाठी घामाने भिजणार. तुझ्या आईने हेच शिकवलं का तुला?"

गोष्ट आईपर्यंत गेली. त्याने दारांना कुलपं घातली आणि चाव्या सासूबाईंच्या हवाली केल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मध्यंतराला आम्ही चौदा गुणांनी मागे होतो. त्यानंतर हॉल मिरच्या भाजायच्या चुलीसारखा तापला. फिनलंडची पोरं आधी लाल झाली, मग पांढरी. त्यांचा सर्वांत उंच गडी डोक्यावर बर्फ धरून बाकावर बसला. त्यांचा कोच दारं उघडा म्हणून पंचाच्या मागे लागला. पंच शेजारच्या सर्बियाचा. त्याने कपाळ पुसलं आणि म्हणाला, "घामेजलेल्या अंगाला वारा बरा नव्हे."

स्पासे तर जन्मापासून बंद खिडक्यांत वाढलेला. कोरड्या बनियनीत तो निवांत धावत होता. शेवटच्या अकरा गुणांतले नऊ त्याचे. आम्ही तीन गुणांनी जिंकलो.

डायरेक्टरने घाम निथळत करार पुढे केला. "एक वर्ष. पण एक अट आहे." मग सासूबाईंकडे वळून म्हणाला, "मावशी, तुम्ही एकही सामना चुकवायचा नाही."

घरी जाताना गाडीत स्पासेच्या बाजूची काच उघडी होती. मीही माझी खाली केली. मागून सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत स्पासे मला म्हणाला, "लाव ती काच. पाठ ओली आहे माझी."