वाट सुस्थितीत

मॅडम पाहणीला येणार म्हणून आम्ही तीन दिवस वाट साफ करत होतो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे आणि शेजारची येसूबाई काकू. कोंडाण्याच्या अलीकडे आमची वाडी, वाडीच्या डोक्यावर माची. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची पोरं माचीवर चढतात. हे त्यांना वर नेतात, मी खाली जेवण घालते. बारा वर्षं झाली. ह्यांचा, म्हणजे पदूदादांचा, नंबर निम्म्या मुंबईच्या फोनात सापडेल.

गेल्या वर्षापासून मात्र ह्यांचा गुडघा गेलाय. बाकी वाट जमते, मधला कातळ कसाबसा चढतात, पण उतरताना जमत नाही. पंचवीस पावलांचा तिरका, शेवाळलेला दगड आणि एका अंगाला दरी. तेवढ्यात सरकारची योजना आली. गावाकडच्या डोंगरवाटा पर्यटनासाठी सुधारायच्या, अवघड जागी पायऱ्या आणि लोखंडी कठडा. ह्यांनी ग्रामपंचायतीत चकरा मारून अर्ज घातला.

"कठडा झाला तर अजून पाच-सहा वर्षं जाईन मी वर," म्हणाले.

घरी बसलेला हा माणूस मी एकच आठवडा पाहिलाय, डॉक्टरनं सक्तीनं बसवला तेव्हा. त्या आठवड्यात त्यांनी माझे मसाल्याचे डबे तीनदा नव्यानं लावले. कठडा मलाही हवा होता.

आम्ही गवत कापलं. ओढ्यात पाऊल ठेवायला दगड बसवले. कातळावरचं शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडलं, वर राख चोळली. कंबर धरून काकू म्हणाली, "पोरीच्या लग्नाला अंगण पण एवढं नव्हतं सारवलं गं मी."

"सरकारची बाई येतेय काकू. घसरून पडली तर?"

"पडली तर कठडा लवकर होईल."

हसलो, आणि परत घासायला लागलो.

सुरभी मॅडम पंचविशीतली, कॅनव्हासचे बूट घालून आलेली, बोलायला गोड. वळणावळणावर फोटो काढत चढली. कातळावरून तर बाजारात चालावी तशी गेली. माचीवर बसून तिनं फोनमधला फॉर्म भरायला घेतला. 'वाटेची सध्याची स्थिती' असा रकाना होता. तिनं बोट टेकवलं ते 'सुस्थितीत'वर.

"म्हंजे काय वो मॅडम?" ह्यांनी विचारलं.

"दादा, योजनेत आधी धोकादायक वाटा घेतात. तुमची छानच आहे."

"ती आमी केलीय. परवा. तुमच्यासाठी."

"कळतंय मला. पण जे दिसतं तेच लिहावं लागतं. आणि फोटो लगेच वर ऑफिसात जातात."

"आठ दिवस थांबा," मी म्हटलं, "शेवाळ परत धरतं का नाय बघा."

तिचा चेहरा उतरला. खोटं कशाला सांगू, पोरगी वाईट नव्हती. "मावशी, पुढची पाहणी पुढच्या वर्षी. तेव्हा काहीच करू नका. आहे तशी राहू द्या वाट."

उतरताना कातळावर हे खाली बसले आणि लहान पोरासारखे ढुंगणावर सरकत गेले, तिच्यासमोर. मॅडमनं फोन काढला, क्षणभर धरला, परत खिशात ठेवला. त्याला रकाना नसावा. नाहीतर लाज वाटली असेल.

ती गेली आणि संध्याकाळी चहाच्या वेळी अक्षयचा फोन आला. नेहमीचा ग्रुपवाला. रविवारी एकोणीस जण, वाट कशी आहे?

"एकदम चांगली हाय रं," हे म्हणाले. "सरकारनंच लिवून नेलंय."

फोन ठेवला, कपातला चहा संपवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर तू जा."

"मी? माझं वय बघा, वजन बघा."

"कातळ तूच घासलास ना? त्याचा खड्डा न खड्डा तुला ठावा हाय."

बारा वर्षांत पुढं चालायचा मान ह्यांनी कुणाला दिला नव्हता. भाच्यालासुद्धा नाही. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. मला नुसतं निजावंसं वाटलं.

रविवारी अंगणात पोरं जमली. हे ओट्यावरून म्हणाले, "आजपासून ह्या तुमच्या गाईड. त्यांचं ऐकायचं." बारा वर्षांत मला पहिल्यांदा 'ह्या' म्हणाले. मग जवळ येऊन हळूच, "कातळावर मागं बघू नको गं. पोरं आपसूक येतात."

कातळ लांब होता अजून. पहिल्या वळणावर मी मागं पाहिलंच. गुडघा लांब सोडून ते माझ्या विळीपाशी बसले होते, एकोणीस जणांचे कांदे चिरत, जाडे जाडे.