झुकत्या मापाचं जहाज

धुळ्याच्या कॉलेजात जहाजांच्या मॉडेलची तळ्यात शर्यत होती. वजन ज्याचं त्याने करून फॉर्मवर लिहायचं आणि पाच किलोच्या वर जायचं नाही. पलकची जर्मन युद्धनौका ‘डॉइशलँड’ काट्यावर ठेवली, तर पाव किलो जास्त! वर्षभराच्या मेहनतीवर पाणी पडायची वेळ आली.

“दादाजी, पत्रा मी सांगितला तोच दिला होता ना?”

जळगावहून हौसेनं आलेले तिचे आजोबा निर्मलकुमार कानकोंडे झाले. त्यांचं पत्र्याचं दुकान. गिऱ्हाइकाला चार बोटं जास्त देण्याची जन्माची खोड. “एक नंबर जाड दिला, बेटा. घरच्या लेकीला पातळ माल कसा द्यायचा?”

घ्या! वैऱ्याला जमलं नसतं ते मायेनं केलं.

जोडीदार पियुष कुजबुजला, “पाचच लिही. जर्मनांनी तरी काय केलं? पहिल्या महायुद्धानंतरच्या तहात दहा हजार टनांची मर्यादा होती. जहाजाचं वजन जास्त भरलं, तरी कागदावर दहाच!”

पलक उसळली. “त्यांची लबाडी बरी दिसली तुला! वजन वाचवायला रिव्हेटऐवजी वेल्डिंग केलं, ते नाही दिसलं? आपणही नटबोल्ट काढू, एकमेकांवर चढलेल्या कडा कापू आणि सोल्डर करू.”

“सांधा सुटला तर तळ्यात बुडेल.”

“बुडू दे. खोटं लिहून मला जिंकायचं नाही.”

दादाजींनी कात्री उचलली. “जास्तीचा माल माझा, मीच काढतो.” आयुष्यात कुणाला कमी न देणारा तो माणूस कडा छाटत बसला. पलक सांधे जोडत गेली. वजन पाचाच्या आत आलं, तेव्हा कुठे तिने फॉर्म भरला.

शर्यत सुरू झाली. वळणावर एका दांडग्या जहाजानं ‘डॉइशलँड’च्या कुशीतच धडक दिली. जहाज कललं, डुललं आणि सावरून असं सुटलं, की काठावरचा एक शेतकरी ओरडला, “बठ्ठास्ना पुढे शे व माय!”

खरंच सगळ्यांच्या पुढे होतं. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला! पलक गुडघाभर पाण्यात धावली, जहाज उचललं आणि डेक उघडून आत हात घातला. मग कोरडा तळवा उंच धरून ती हसता हसता रडायला लागली.