मैदानावरच्या बीमचा संताप

मित्रांनो, मी लोखंडाचा एक जुना पाइप आहे. धामणगाव बढ्याच्या बाहेर, मैदानाच्या कडेला, दोन खांबांवर आडवा जोडलेला. सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं मला बीम म्हणतात. माझी गोष्ट गोड नाही. मला आजही राग येतो, आणि तो मी गिळणार नाही.

माझी पहिली नोकरी एका बोअरवेलमध्ये झाली. बोअर आटली तेव्हा मला उपसून उकिरड्याजवळ फेकून दिलं. तिथून मला उचललं पंजाबरावांनी. ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी परतले होते. त्यांनी मोताळ्याहून वेल्डर आणला, स्वतः खड्डे खणले, सिमेंट ओतलं. पुढे माझ्यावर लटकून तयार झालेली काही पोरं वर्दी घालून गावात आली आणि त्यांनी मला हार घातला. पाइपाला हार, मित्रांनो! मी केवढा फुललो होतो!

मग एका हिवाळ्यात सुचिता आली. तानुबाईची मुलगी, नुकतीच बारावी झालेली, अंगानं काटकुळी. पहिल्याच दिवशी ती जीव खाऊन धावत सुटली आणि अर्ध्या मैदानात पोट धरून बसली. बाभळीखालची टवाळ पोरं खिदळली.

"जाय वं घरी, भाकरी थाप!"

त्यांच्यातल्या एकालाही माझ्यावर धड लटकता येत नव्हतं. पण दात काढायला ताकद लागत नाही!

पंजाबराव हसले नाहीत. "बाई, आज धावू नोको. भराभरा चाल. मंग थोडं धाव, पुन्हा चाल. अन् मधात एखादा दिवस आराम कर."

"आराम करून कोनी भरती होते का, काका?"

"आरामातच हाड पक्कं होते. त्याले रेटून जमत नाही."

मुलींच्या भरतीत बीमवर लटकायची चाचणी नसते. तरी खांदे बळकट व्हावेत म्हणून ते तिला माझ्यावर नुसतं लटकायला लावत. सुरुवातीला तिचे तळवे लगेच सुटायचे. हळूहळू पकड घट्ट झाली, दम वाढला. एका सकाळी न थांबता मैदान धावून ती आली, मला धरून लटकली आणि मोठ्यानं हसली. तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस.

नंतर पंजाबराव डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बुलढाण्याला लेकीकडे गेले. तेवढ्यात गुलाबराव उगवला. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यानं शेजारीच भरतीची अकादमी उघडली होती.

"तू अजून चालूनच राह्यली? भरतीले चालली का हळदीकुंकवाले?"

सुचिताला लाज वाटली आणि ती त्याच्या अकादमीत जाऊ लागली. शिकवणाऱ्यानं लाज वाटायला लावावी, याहून नीच गोष्ट नाही. त्यानं तिच्या पाठीवर रेतीची पिशवी बांधली आणि तिला रोज डांबरी रस्त्यावर पळवलं. तिचा फोटो काढून मोठा फ्लेक्स छापला, 'आमच्या अकादमीची रणरागिणी', आणि तो तारेनं माझ्यावर आवळला. आता माझ्यावर कोणाला लटकायला जागाच उरली नाही.

"सर, नडगी लय दुखून राह्यली," ती म्हणाली.

"दुखनं म्हनजे बहाना. पळ!"

ती पळाली. माझ्या खांबाला टेकून ओठ चावायची आणि पुन्हा पळायची. एका सकाळी ती रस्त्यावर पडली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हाडाला चीर गेली आहे. पायाला प्लास्टर चढलं. भरती आली आणि निघून गेली. वयाच्या मर्यादेत तिला आता फक्त आणखी एक भरती मिळणार होती.

गुलाबराव एकदाही तिच्या घरी गेला नाही. फ्लेक्सवर मात्र ती हसतच होती. एके दिवशी तानुबाई विळा घेऊन आली आणि तिनं तो फ्लेक्स टराटरा फाडला. गुलाबराव धावत आला.

"मावशी, माहा फ्लेक्स काऊन फाडला?"

"कागद फाटला तं एवढा धावत आला तू! माह्या पोरीचं हाड मोडलं तवा कुठी होता?"

तो खाली वाकून फाटके तुकडे गोळा करू लागला.

प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सुचितानं बुलढाण्याहून परतलेल्या पंजाबरावांच्या देखरेखीखाली पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि शेवटच्या भरतीत ती निवडली गेली. निघण्यापूर्वी ती मैदानावर आली, तर गुलाबराव हार आणि फोटोवाला घेऊन हजर!

"सुचिता, एक फोटो घेऊ. आपल्या अकादमीचं नाव होईल."

तिनं हार हातातही घेतला नाही. "सर, मी रस्त्यावर पडली होती ना, तवा फोटो काढाचा होता. तोच लावा अकादमीवर."

मित्रांनो, मला कोणाचा हार नको. माझ्यावर फ्लेक्स बांधू नका. कोणी नवखं पोर धापा टाकत मैदानावर आलं तर त्याला हसू नका आणि गुरासारखं हाकू नका. लोखंड तुटलं तर वेल्डिंग होतं. पोरांची हाडं लोखंडाची नसतात, एवढं तरी ध्यानात ठेवा!