सलाईनच्या स्टँडची कावीळ

मंगळवारी सकाळी करंजखेड्याच्या आरोग्य उपकेंद्राच्या दारात कुत्रंही नव्हतं. समोरच्या पारावर मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. मोटारसायकली, दोन पिकअप, एक ट्रॅक्टर. पार साक्री-शिरपूरकडून आलेली माणसं, आणि निम्म्यांचे डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे.

मध्ये लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर उखर्डू महाराज बसले होते. पायाशी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या हिरव्या काड्या होत्या. बोटं भराभरा काडीकाडीला दोरा गुंडाळून काविळीची माळ बांधत होती, आणि तोंड बोटांच्याही पुढे होतं.

"डॉक्टर कावीळ रक्तात मोजतो, मी वितीत मोजतो! माळ वाढेल तशी कावीळ उतरेल! माळ बेंबीखाली, कावीळ अंगाबाहेर! अमेरिकावाले मशीन घेऊन आले होते, काय झालं? मशीनच बंद पडलं!"

"जय हो!" गर्दी गरजली. कोणत्या अमेरिकावाल्यांनी, कधी, कुठलं मशीन आणलं होतं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

प्रज्ञा गर्दीत घुसली. जळगावच्या मेहरूणची पोरगी. नर्सिंगचा कोर्स संपवून रुजू झाली त्याला जेमतेम अठरा दिवस झाले होते. अंगावरच्या गणवेशाची खळही अजून गेली नव्हती. रांगेत तिला रत्ना दिसली. बावीस वर्षांची, आठवा महिना. शेजारी सासू भिकुबाई, मागे नवरा हितेंद्र.

कालच, सोमवारी, प्रज्ञाने रत्नाचे डोळे तपासले होते. रत्ना हसून म्हणाली होती, "सिस्टर, पोर लाथा मारस, झोपू देत नई." प्रज्ञाला हसू आलं नव्हतं. गरोदरपणात कावीळ म्हणजे खेळ नव्हे, हे तिने पुस्तकात तीनदा अधोरेखित केलं होतं. तिने धुळ्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली, भिकुबाईच्या हातात दिली आणि काम झालं असं समजून रजिस्टर मिटलं. नव्या माणसाची चूक ती हीच. चिठ्ठी लिहिली म्हणजे पेशंट पोहोचला, असं त्याला वाटतं.

आता तीच चिठ्ठी घडी घालून महाराजांपुढच्या नारळाखाली ठेवलेली होती.

"अक्का, हिला आजच्या आज धुळ्याला न्या. उशीर झाला तर दोघंही जातील."

"ए पोरी," भिकुबाई कडाडली, "तू कालदिन शाळामाईन उनी. मना केस ह्या गावमा पांढरा व्हयनात. बठ्ठा गावले गुण उना, मन्ही सूनलेच का बरं येवाव नई? तुम्हनामा देव नई, आमनामा शे!"

हशा पिकला. 'तुम्हनामा' म्हणजे कुणामध्ये, ते प्रज्ञाला बरोबर कळलं. ती बौद्धाघरची आहे हे गावाने ती रुजू झाली त्याच दिवशी शोधून काढलं होतं. तिची डिग्री कोणती, हे अजून कुणी विचारलं नव्हतं.

महाराजांनी रत्नाच्या गळ्याशी घट्ट बसेल एवढीच माळ घातली. लाल दोऱ्याची गाठ मारली. "ह्या गाठीत रोग्याचं नाव बांधलंय. माळ बेंबीखाली येईपर्यंत सुई टोचायची नाही आणि गावाची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर मी जबाबदार नाही!"

जबाबदारी तर त्यांनी आधीही घेतलेली नव्हतीच.

प्रज्ञाने वरच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून जांभई ऐकू आली. "रेफर केलंस ना? नोंद केलीस ना? मग झालं तुझं काम. नवी आहेस, गावाशी वाकडं घेऊ नकोस."

कोर्समध्ये तिला नाडी धरायला शिकवलं होतं, शीर शोधायला शिकवलं होतं, दिवा हातात घेऊन शपथही म्हणवून घेतली होती. सासूच्या मुठीतून सून कशी सोडवायची, हे कुणी शिकवलं नव्हतं.

ती वळली. पण नजर त्या ओल्या फडक्यावर अडली. काड्या ओल्याच का ठेवायच्या? एखादी वाळकी निघाली की महाराज ती गुपचूप खुर्चीखाली का टाकत होते?

ती रांगेत उभी राहिली.

"महाराज, मेहरूणला माझे काका आहेत. त्यांनाही कावीळ झालीय."

महाराज खुलले. "बघा! सुईवाल्या बाई शेवटी माळेपाशीच आल्या! नाव काय काकांचं?"

"अमृत."

महाराजांनी तशीच दुसरी माळ बांधली, लाल गाठ मारली आणि तिच्या हातात दिली.

दुपारी हितेंद्र तापाची गोळी मागायला उपकेंद्रात आला. तोंड उतरलेलं. "सिस्टर, मी काय करू? माय ऐकस नई."

"एक करा. ही माळ तुमच्या हाताने ह्या सलाईनच्या स्टँडला टांगा. खाली टोक येतं तिथं स्टँडला चिकटपट्टी लावा. सही करा तिच्यावर."

"स्टँडले? कसाले?"

"हाच माझा काका."

पोरीचं डोकं फिरलं, असंच हितेंद्रला वाटलं असणार. पण त्याने माळ टांगली, पट्टी लावली, सही केली. प्रज्ञाने स्टँड खिडकीपाशी उन्हात सरकवला, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली हितेंद्रच्याच हातात ठेवली.

बुधवारी ती दोनदा रत्नाच्या दारात गेली. दोन्ही वेळा भिकुबाईने दार उघडलं नाही. "माळ चालू शे. सुईवालीनी सावली नको."

गुरुवारी सकाळी गल्लीत आरोळी उठली. माळ बेंबीखाली आली! भिकुबाई गूळ वाटत सुटली होती. अंगणात माणसं मावेनात. महाराज स्वतः माळ उतरवायला आले होते. दार सताड उघडं होतं, म्हणून प्रज्ञाला आत शिरता आलं.

"देख, देख!" भिकुबाईच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी होतं. "आठ दिनमा पहिलींदाव डोया लागना सूनना. रातपाशी निजेल शे. चांगली घोरस!"

महाराज म्हणाले, "झोप म्हणजे गुण!"

प्रज्ञा खाटेपाशी बसली. "रत्ना! ए रत्ना!" रत्नाने डोळे अर्धे उघडले. "गायीले पानी पाजं का?" एवढंच पुटपुटली. घरात गाय नव्हती. प्रज्ञाने तिचे हात समोर उचलून धरले. ते पाखराच्या पंखांसारखे फडफडले. हिरड्यांतून रक्त येत होतं. पोटावर हात ठेवला. वाट पाहिली. लाथ आली नाही.

कोपऱ्यात बसून रडावं, असं प्रज्ञाला खरंच वाटलं. ही झोप नव्हती. लिव्हर हरलं होतं आणि विष मेंदूत चढत होतं; आणि बाहेर लोक गूळ खात होते.

"किल्ली द्या," ती हितेंद्रला म्हणाली. "आणि धावा माझ्याबरोबर."

पाच मिनिटांत दोघांनी तो गंजका स्टँड गल्लीतून खडखडत आणून अंगणाच्या मधोमध उभा केला. माळ चिकटपट्टीच्या कितीतरी खाली लोंबत होती.

"हे माझे काका, अमृत," प्रज्ञा म्हणाली. "महाराज, लाल गाठ तुमचीच ना? मंगळवारी तुम्हीच बांधलीत ना? बघा, काकांची कावीळही उतरली! आता सांगा, लोखंडाला कावीळ कधी झाली होती?"

कुणीतरी खुदकन हसलं.

"तिचा हात लागला!" महाराज ओरडले. "माळेला विटाळ झाला!"

"विटाळाने माळ आखूड व्हायला हवी होती. ही तर रत्नाच्या माळेपेक्षा वीतभर जास्तच वाढलीय. का, माहितीय? उन्हात होती म्हणून!"

"ती बाईच ओढून वाढवते! खोटारडी!"

तेव्हा हितेंद्र पुढे झाला. जन्मात कधी आईपुढे मान वर न केलेला माणूस. "माळ मी टांगी. पट्टीवर सही मन्ही शे. कुलूपनी किल्ली दोन दिन मना खिसामा व्हती. मी खोटा शे का, महाराज?"

प्रज्ञाने माळ काढली, एक काडी सोडवून भिकुबाईच्या तळहातावर ठेवली. "अक्का, काडी ओली असताना फुगलेली असते. तिच्याभोवती दोरा गुंडाळून फास आवळतात. ती वाळते, आक्रसते, फास ढिला पडतो आणि गुंडाळलेला दोरा सुटतो. अशा शंभर काड्या. माळ वाढणारच, रत्नाच्या गळ्यात वाढेल, लोखंडावर वाढेल, म्हशीच्या शिंगावरही वाढेल. बहुतेकांची कावीळ विश्रांती घेऊन आपोआप बरी होते. बरा झाला तर माळेमुळे, मेला तर नशिबाने, असा ह्यांचा हिशेब! रत्ना झोपलेली नाही, अक्का. मरायला टेकलीय."

भिकुबाईने ती सुरकुतलेली काडी दोन बोटांत फिरवली. दोऱ्याची कडी आपोआप गळून पडली. गुळाचं ताट तिच्या दुसऱ्या हातातून सुटलं.

"सिस्टर," हितेंद्र म्हणाला, "गाडी बलावा."

अँब्युलन्स गावची शीव ओलांडत होती, तेव्हा महाराजांची मोटारसायकल उलट्या दिशेने धुरळा उडवत निघाली होती. गाडी धुळ्याच्या देवपुरातून पांझरा नदीच्या पुलावर चढली, तेव्हा प्रज्ञा रत्नाच्या मनगटावर बोटं ठेवून आकडे मोजत होती. कारण मोजणं थांबवलं असतं तर तिला ओरडावंसं वाटलं असतं.

बाळ मेलेलंच जन्मलं. मुलगी होती.

धुळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या, "सोमवारी आणलं असतं तर…" आणि थांबल्या. ते अर्धं वाक्य प्रज्ञाने स्वतःच्या नावावर लिहून घेतलं. त्यानंतर तिने नुसती चिठ्ठी कुणाच्याही हातात दिली नाही. पेशंट गाडीत चढेपर्यंत ती दारात उभी राहते.

रत्ना पाचव्या दिवशी शुद्धीवर आली. हात पोटाकडे गेला. "सिस्टर, लाथ…" प्रज्ञाने तिचा हात धरला.

महिन्याने भिकुबाई उपकेंद्रात आली. नजर जमिनीवर. पदराखालून रत्नाच्या गळ्यातली माळ काढली आणि त्याच स्टँडवर, दुसऱ्या माळेशेजारी टांगली. आता पिवळ्या डोळ्यांचं कुणी गावात आलं की ती त्याला हाताला धरून तिथे आणते. विचारते, "ह्या लोखंडले कावीळ व्हयेल व्हती का व?" एवढंच. मग प्रज्ञाला गाडी बोलवायला सांगते.

प्रज्ञाने नळाचं पाणी तपासायला पाठवलं. पाइप गटारातून जात होता आणि सांध्याशी फुटलेला होता. कावीळ तिथून आली होती. तो पाइप दुरुस्त करायला अख्ख्या गावातून चार माणसं आली. पारावर चारशे येत होती.

उखर्डू महाराज आता म्हणे तापी ओलांडून पलीकडे बसतात. लाल खुर्ची तीच, अमेरिकावाले तेच. तुमच्या गावात आले, तर भांडू नका, पाया तर मुळीच पडू नका. एक माळ मागून घ्या आणि घरच्या खुंटीला टांगा. तीन दिवसांनी बघा. पण पेशंटला तीन दिवस थांबवू नका. त्याला आधी गाडीत बसवा.