रुतलेली दांडी

आखाडा बाळापूरजवळच्या रानात प्रचारसभेसाठी हेलिकॉप्टर येणार होतं. धुरळा उडू नये म्हणून पाणी मारायचं काम तांड्यावरच्या धर्मसिंगकडं आलं. आदल्या दिवशी त्यानं टँकरच्या दोन खेपा रिचवल्या आणि सभेच्या सकाळी कुणी न सांगता तिसरी. हातात घेतलेलं काम पुरतं करायचं, हा त्याचा खाक्या. उतरायच्या जागेच्या मधोमध मुरूम होता. पण कडेची काळी माती पाणी पिऊन लोण्यासारखी झाली.

हेलिकॉप्टर उतरलं ते पोटाखालच्या दोन आडव्या दांड्यांवर, एक दांडी मुरमावर, दुसरी मातीत. चालवणारी बाई होती. कॅप्टन मोहिनी, वय असेल पस्तीसेक. धर्मसिंग नवलानं बघतच राहिला.

भाषण उरकून पुढारी आत बसले. पंखा गरगरू लागला. उजवी दांडी सहज उचलली गेली, डावी मात्र चिखलानं धरून ठेवली. वर जायचं सोडून हेलिकॉप्टर डावीकडं कलंडू लागलं. पात्यांची टोकं जमिनीकडं झुकली.

"पळा, पळा!" माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. धर्मसिंग जागीच उभा राहिला.

"वर खेचा, बाई, वर!" तो ओरडला.

तिनं खेचलं नाही. पंख्याचा जोर एकदम उतरला आणि धप्पदिशी हेलिकॉप्टर दोन्ही दांड्यांवर बसलं. एक दांडी वाकली. माणसाला ओरखडाही नाही. पांढऱ्याफटक चेहऱ्यानं पुढारी उतरले आणि मोटारीनं नांदेडकडं गेले.

"एवढं पाणी कुणी मारलं?" संयोजक गरजला.

 धर्मसिंग मोहिनीपुढं जाऊन उभा राहिला. "मी मारलं, म्याडम. दोन खेपा सांगितल्या होत्या, तिसरी माझ्या मनानं टाकली. चूक झाली."

मोहिनी वाकून दांडी बघत होती. "पाणी तुम्ही मारलंत, दादा," ती म्हणाली, "पण उडण्याआधी खाली उतरून बघणं माझं काम होतं. मी बघितलं नाही."

धर्मसिंग तिच्याजवळ सरकला.

"एक इचारू? वर काहून न्हाई खेचलं? मी तर खेचलंच असतं."

"सगळ्यांचा हात लिव्हर वरच ओढतो. मग दांडी अडकलेलीच राहते आणि हेलिकॉप्टर उलटतं. अशा वेळी लिव्हर खाली न्यायचा. ते अंगी बाणवायला मला वर्षं लागली."

धर्मसिंगनं फावडं आणलं. दोघांनी मिळून दांडीभोवतीचा चिखल काढला.

आठवड्यानं चौकशीचा साहेब तांड्यावर आला. कॅप्टननं चूक स्वतःच्या नावावर लिहून दिली आहे, असं त्यानं सांगितलं.

"त्यांचं त्यांनी लिहिलं," धर्मसिंग म्हणाला. "आता माझंबी लिवा, साहेब. पाण्याच्या खेपा तीन."

साहेबानं लिहून घेतलं. तो गेल्यावर भिकाबाईनं नवऱ्याला विचारलं, "लई धीराची होती का वो ती बाई?"

"व्हय," धर्मसिंग म्हणाला. "अन् खरी बी."