चांद्याच्या कपाळावरचा चांद

संतरामच्या गोठ्यापुढं निम्मं कुरुंदा गाव लोटलं होतं. आत वेगळ्या खोपीत तीन दिवसांचं तांबडं वासरू, कपाळावर पांढराशुभ्र चांद. संतरामचा मेलेला बैल चांद्या, त्याच्याही कपाळावर अस्साच होता!

"दर्शन घ्या, पण हात लावू नका!" पेशीनाथ महाराज गरजले. "विलायतेत मेंढीच्या एका पेशीतून तश्शीच मेंढी बनवली. पेपरात आलं की नाही? त्यांना सुया लागल्या, काचा लागल्या. आम्ही चांद्याचा एक केस गायीला चारला आणि म्हणालो, ॐ पेशीं पेशीं फट्! झाला चांद्या परत!"

लोकांनी हात जोडले. शालूबाईचे हात मोकळे नव्हते, ती शेंगदाणे खात होती. सातवीत शाळा सुटलेली ही बाई पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकत नसे. त्या मेंढीची बातमी तिनं साखरेच्या पुडीवर दोनदा वाचली होती आणि न कळलेलं जनावरांच्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं.

तिच्या शेजारी पद्माबाई उभी होती. मुठीत चिंधी, चिंधीत जावळ. तापानं गेलेल्या मुंजाजीचं. लेकाचे हे पहिले केस, तेवढेच काय ते तिच्याकडं उरले होते. मागं तिची लेक संध्या, सहावा महिना लागलेली.

"महाराज जावळाची राख शेंदरात कालवून देणार हायेत," पद्माबाई कुजबुजली. "संध्यानं आज खाल्ली की माझा मुंजाजी तिच्या पोटी येतो."

"आन् पोटात आधीच जे हाय, त्यानं कुठं जावं?" शालूबाईनं विचारलं.

संध्यानं पोटावर हात ठेवला. "मावशी, आईपुढं माझं काहीच चालून न्हाई राहिलं."

शालूबाईला ठाऊक होतं: शेंदरात शिसं असतं, पोटातल्या लेकराला ते विष. पण या आईला ते आत्ता ऐकू जाणार नव्हतं. तेवढ्यात पलीकडं गाय हंबरली. कास तट्ट, दावं ओढून ओढून मान सोललेली.

"संतरामभाऊ, गाय लांब काहून बांधली?"

"महाराजांचा हुकूम. सव्वा महिना आईनं चाटायचं न्हाई. तेज उतरतं म्हणे."

"आन् जन्मल्यावर वासरू पुसलं कुणी?"

"महाराजांनीच की. दार लावून."

"अस्सं," म्हणत शालूबाईनं दाव्याची गाठ सोडली.

गाय गर्दी फाडत खोपीत शिरली. "धरा! धरा!" ओरडत महाराज कडब्याआड पळाले. गायीनं वासराला जे चाटायला घेतलं! कपाळ, कान, पुन्हा कपाळ. चांदाची आधी कोर झाली, मग अमावस्या. गायीची जीभ पांढरी!

"अगं बया, गायीनं चांद खाल्ला!" गर्दीतली पेमा म्हातारी किंचाळली.

वासराच्या कानामागं उरलेला ठिपका शालूबाईनं बोटावर घेतला. "डिंक आन् शंखजिऱ्याची पांढरी भुकटी. महाराज, तेज लई चिकट हाय तुमचं!"

"पण अंगाचा रंग तर चांद्याचाच हाय ना?" संतराम म्हणाला.

"गावात वळू एकच हाय, भाऊ, तोबी तांबडा. माझंबी वासरू तांबडंच हाय की!"

गर्दी हसली. संतराम मात्र दार अडवून उभा राहिला. "वसमतहून पोलीस येईस्तोवर बसा, महाराज. चहा सांगतो."

पद्माबाई शालूबाईकडं वळली. "मग ती मेंढीबी खोटी?"

"ती खरी." शालूबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "पण तिथं कासेतली जिती पेशी घेतली, दुसऱ्या मेंढीच्या बीजांडातला गाभा काढला आन् त्यात ती घातली. मग ती पेशी आपण कासेतली हाय हे विसरली आन् नव्यानं गर्भ होऊन वाढली. पावणेतीनशेच्या वर खटपटी, तवा एक कोकरू. वस्तऱ्यानं उतरवलेला केस मेलेला असतो, त्याची राख काय करणार? आन् झालं ते कोकरूबी नवंच. जुन्या मेंढीचं त्याला काही ठाऊक न्हाई. तोंड मुंजाजीचं आणलं असतं तरी आत तुझा मुंजाजी नसता, पद्माबाई."

पद्माबाई खूप रडली. तिला कुणी थांबवलं नाही.

बायांनो, भावांनो, दुःखातलं माणूस काहीही गिळायला तयार होतं. अशा वेळी शेजाऱ्यांनी तरी डोळे उघडे ठेवावेत, प्रश्न विचारावेत. खऱ्या गोष्टीला तपासणीचं भय नसतं.

डोळे पुसून पद्माबाईनं संध्याच्या पोटावर हात ठेवला. आतून लाथ बसली.

"नाव आत्ताच ठरवू नको गं," ती म्हणाली. "आधी येऊ दे. कोण हाय, ते बघू."